नमुनापत्राची साक्ष

शंकाकार : वनस्पतींचे नमुने दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून पिढ्यान्‌पिढ्या जतन करण्याच्या आपल्या उद्योगाविषयी माझ्या मनात अनादर नाही, परंतु त्या कागदांवरून आपण जो इतिहास रचता, त्याविषयी मात्र माझी गंभीर हरकत आहे. अॅरिझोनातील टूसॉन शहराभोवतीच्या टेकड्यांवर आज जे बफेल गवत माजले आहे, ते तेथे केव्हा आले, असा प्रश्न निघाला की आपण मंडळी हर्बेरियमच्या कपाटातील सर्वांत जुने नमुनापत्र बाहेर काढता, त्याच्या कोपऱ्यातील चिठ्ठीवरची तारीख वाचता, आणि तीच त्या गवताच्या आगमनाची तारीख म्हणून ग्रंथांत दाखल होते. ज्या गावात तलाठ्याची फेरी वर्षातून एकदाच होते, त्या गावच्या दप्तरावरून सगळी मुले त्याच दिवशी जन्मली असा निष्कर्ष कोणी काढील, तर त्याला आपण काय म्हणू? नमुनापत्र एवढेच सांगते की अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, एका जाणत्या माणसाने ते गवत उपटले. त्याच्या आधी ते तेथे एक वर्ष होते की वीस वर्षे होते, याविषयी ते पत्र अवाक्षर बोलत नाही. आणि जेथे ते मुळीच बोलत नाही, तेथे आपण त्याच्या तोंडी एक संपूर्ण कथा घालता.

संग्राहक : कथेचे पुढे पाहू, आधी ते पत्र प्रत्यक्ष काय असते, ते तरी नीट पाहू. सुमारे साडेसोळा इंच लांब आणि साडेअकरा इंच रुंद असा जाड कागद, त्यावर आडवा दुमडून बसवलेला गवताचा एक ठोंब. तळाशी गाठीसारखी फुगीर, कठीण झालेली खोडे, मधूनच गुडघ्यात वाकलेली पेरे, वाळून पिंगट पडलेली पाती, आणि शेंड्याला बोटभर लांबीचे, कोल्ह्याच्या शेपटासारखे झुबकेदार कणीस. कणसातला एक दाणा वेगळा करून भिंगाखाली धरावा, म्हणजे त्याच्याभोवती कुसळांचे वेष्टन दिसते. आतली कुसळे अगदी बुडाशीच तेवढी एकमेकांना जुळलेली असतात, त्यांच्या कडांना बारीक मऊ केस असतात, आणि त्यांतले एक कुसळ इतरांहून स्पष्टपणे लांब असते. याच मुलखात शोभेसाठी आणून लावलेले आणि नंतर बागेबाहेर निसटलेले फाउंटन गवत दुरून पुष्कळ सारखे दिसते. पण त्याची कुसळे अशी जुळलेली नसतात. आता विचार करा, एखाद्या प्रवाशाने आपल्या रोजनिशीत ‘शेपटासारख्या तुऱ्याचे गवत पाहिले’ एवढेच लिहून ठेवले असते, तर ते कोणते गवत, हे आज कोणालाही ठरवता आले नसते. जुन्या छायाचित्रातले गवत फोडून त्याचा दाणा पाहता येत नाही. नमुनापत्र मात्र दर पिढीला नव्याने तपासता येते. पूर्वीच्या माणसाने चुकीचे नाव दिले असेल तर नंतरचा माणूस त्याच कागदावर दुरुस्तीची चिठ्ठी डकवतो, आणि जुनी चिठ्ठी काढून न टाकता तिच्या शेजारीच राहू देतो. साक्षीदाराची उलटतपासणी शंभर वर्षांनंतरही करता येते, असा दुसरा कोणता दस्तऐवज आपण मला दाखवाल?

शंकाकार : उलटतपासणी होते ती साक्षीदाराच्या ओळखीची, त्याने पाहिलेल्या घटनेची नव्हे. ते गवत बफेलच होते, हे मी बिनतक्रार मान्य करतो. माझा आक्षेप आहे तो निवडीवर. वनस्पतिशास्त्रज्ञ रानात जातो तो काय आणण्यासाठी? दुर्मिळ ते, नवे ते, ज्याला अजून नाव नाही ते. सरकारी रोपवाटिकेत वाफ्यावाफ्यांनी लावलेले परदेशी गवत तो उपटून आणीत नाही. ‘हे लावलेले आहे, येथले नव्हे’ असे म्हणून त्याला ओलांडून पुढे जातो. आणि या गवताचा खरा इतिहास तर रोपवाटिकेतच घडला. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील शेतजमिनींची माती वाऱ्यावर उडून गेली, १९३५ मध्ये संघसरकारने मृदासंधारणाचे स्वतंत्र खाते उभारले, आणि धूप थांबवील, दुष्काळात तगेल, गुरांनी ओरबाडले तरी पुन्हा फुटेल असे गवत शोधण्यासाठी त्या खात्याने जगभरचे बियाणे मागवले. उत्तर केनियातील तुर्काना वाळवंटातून आलेले एक वाण टी-४४६४ या क्रमांकाने टेक्सासमध्ये वाढवले गेले आणि १९४६ च्या सुमारास पशुपालकांच्या हाती पडले. अॅरिझोनातील चाचण्या तर त्याही आधीपासून चालू होत्या. हा सारा व्यवहार बियाण्याच्या आवक-जावक नोंदवह्यांत आहे, पत्रव्यवहारात आहे, पेरणीच्या अहवालांत आहे. आपल्या कपाटात त्याचा मागमूस असला तर अपवादानेच. म्हणजे ज्या काळी गवत हजारो पौंडांनी पेरले जात होते त्या काळाविषयी हर्बेरियम मुके आहे, आणि ते बोलू लागते ते गवत आपण होऊन रस्त्याच्या कडेला येऊन उभे राहिल्यावर.

रस्त्याचे नाव काढलेच आहे, तर तेही सांगून टाकतो. ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका आणि अमेरिकेतील न्यू इंग्लंड येथल्या संग्रहांची अंकीय नोंद झाल्यावर जेव्हा त्यांची एकत्र छाननी झाली, तेव्हा नमुने रस्त्यांच्या आणि खुद्द संग्रहालयांच्या आसपास दाटलेले, आणि फार मोठा हिस्सा मूठभर संग्राहकांनी गोळा केलेला, असेच दिसून आले. गाडी जेथे थांबते तेथे वनस्पतिशास्त्रज्ञ उतरतो. बफेल गवत महामार्गाच्या कडेकडेने पसरले असे आपले नकाशे सांगतात; पण त्या नकाशात गवताचा प्रवास किती आणि संग्राहकाचा किती, हे वेगळे काढून दाखवा.

संग्राहक : रोपवाटिकेच्या वह्या आणि नमुनापत्रे एकत्र वाचली पाहिजेत, याविषयी आपल्यात वाद नाही. वही सांगते की बी आले. पत्र सांगते की गवताने मालकाचा बांध ओलांडला. आणि रोग सुरू होतो तो बांध ओलांडल्यावरच, म्हणून त्या दुसऱ्या साक्षीचे मोल मी अधिक मानतो. रस्त्याचा गुंता मात्र आपण समजता तितका अभेद्य नाही. एखाद्या संग्राहकाने १९५० च्या दशकात एका रस्त्याने जाताना कडेची दुसरी डझनभर गवते गोळा केली असतील, त्यांची पत्रे आज आपल्यासमोर असतील आणि त्यांत बफेल नसेल, तर त्याचे न आढळणे हे निव्वळ मौन राहत नाही. त्याचे डोळे गवतावर होते, त्याचा हात गवत उपटीत होता. तरी हे गवत त्याच्या हाती लागले नाही. त्याच वाटेवर पुढे हेच गवत मिळू लागले, तर मधल्या काळात काहीतरी घडले असे म्हणण्याला आधार मिळतो. एकट्या पत्रावरून निष्कर्ष काढणारा घाईचा असतो. पण शेजारच्या पत्रांच्या संगतीत ते वाचणारा घाईचा नसतो.

शिवाय सगळी जमीन सारखीच दुर्लक्षित होती असेही नाही. टूसॉनच्या पश्चिमेला टूमामॉक नावाची टेकडी आहे. वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेने १९०३ मध्ये तेथे वाळवंट-प्रयोगशाळा उघडली. व्हॉल्नी स्पॉल्डिंग यांनी १९०६ मध्ये तेथे चौकटी आखून त्यांतील झाड अन् झाड टिपायला आरंभ केला, आणि पुढे लवकरच साऱ्या टेकडीला कुंपण पडून गुरांचा वावर बंद झाला. एवढ्या बारकाईने आणि एवढ्या सातत्याने पाहिलेली वाळवंटी जमीन जगात क्वचितच सापडेल. त्या टेकडीवर बफेल गवताची पहिली नोंद १९६८ ची. तोवर सहा दशके तेथे जाणती माणसे उन्हातान्हात हिंडत होती, याद्या करीत होती, आणि त्या याद्यांत ते नव्हते. या मौनाला आपण तलाठ्याची फेरी म्हणणार का?

शंकाकार : नाही म्हणणार. टूमामॉकचे मौन मी साक्ष म्हणून स्वीकारतो. पण ती एक टेकडी आहे आणि सोनोरन वाळवंट सुमारे एक लाख चौरस मैलांचे आहे. उरलेल्या प्रदेशाला टूमामॉकसारखे पहारेकरी नव्हते. आणि टेकडीची साक्ष मानली, म्हणजे तिच्यावर बसवलेली कथाही मानली असे होत नाही. आपल्या वर्तुळात असे सांगतात की हे गवत आले, काही दशके निपचित पडून राहिले, आणि १९८० च्या सुमारास एकाएकी जागे होऊन टेकड्या गिळू लागले. मग या निद्रेची कारणमीमांसा सुरू होते. कोणी म्हणतो त्याला नव्या हवेशी जुळते व्हायला वेळ लागला, कोणी म्हणतो थंडी ओसरली, कोणी म्हणतो पाऊसमान बदलले. मी विचारतो, ते झोपले होते कशावरून? टूसॉनच्या उत्तरेस असलेल्या सांता कॅटालिना पर्वताच्या उतारांची जुनी विमानछायाचित्रे काढून संशोधकांनी गवताचे डाग मोजले, तेव्हा ते सुमारे सव्वादोन ते सात वर्षांत दुप्पट होत गेलेले दिसले. आणि ही गती १९८० पासून पुढे बरीचशी एकसारखी राहिलेली आढळली. आता साधे गणित करा. एक चौरस मीटरचा ठोंबांचा पुंजका दर तीन वर्षांनी दुप्पट होतो असे धरले, तर तीस वर्षांनी तो सुमारे दहा गुंठे होतो. म्हणजे एखाद्या घळीत सहज दडून राहील, कोणाच्या नजरेस येणार नाही एवढाच. त्यानंतरच्या तीस वर्षांनी त्याच गतीने, कसलीही जाग न येता, कसलाही बदल न घडता, तो अडीचशे एकरांवर जातो. पहिल्या तीस वर्षांत गवत निजले नव्हते. ते नंतर वाढले त्याच वेगाने वाढत होते. निजली होती ती आपली नजर. हर्बेरियमने नजरेची निद्रा गवताच्या नावावर मांडली.

संग्राहक : हे गणित मला मान्य आहे, आणि ते पुष्कळांनी लक्षात घ्यायला हवे होते हेही मान्य आहे. पण छायाचित्रे मोजतात ती एका उतारावरच्या एका डागाची वाढ. डाग पडला कसा, हे त्यांना सांगता येत नाही. कॅटालिनाच्या उतारावरचा पहिला ठोंब दुप्पट होत होत तेथे आलेला नव्हता; तो कोठून तरी उडी मारून आला. कुसळांचा दाणा गुरांच्या अंगाला चिकटतो, गाडीच्या तळाला चिकटतो, वाऱ्याबरोबर डांबरी रस्त्यावरून मैलभर घरंगळतो, रस्त्याच्या कडेला साचलेल्या पाण्यावर रुजतो. शेजारच्या जमिनीवर हळूहळू सरकणे वेगळे आणि दूरच्या जमिनीवर नवे ठाणे बसवणे वेगळे. पहिल्याचे गणित विमानातून होते. दुसऱ्याचे होण्यासाठी शेकडो मैलांवर विखुरलेल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या नोंदी लागतात, आणि अशा नोंदी ठेवणारे दुसरे दप्तर नाही. विमानाच्या छायाचित्राला तर अमुक आकाराहून लहान डाग दिसतच नाही. ज्या तीस वर्षांत आपला पुंजका दहा गुंठ्यांच्या आत होता असे आपण म्हणता, त्या तीस वर्षांत त्याला पाहू शकणारे साधन एकच होते, ते म्हणजे पायी चालणारा संग्राहक.

आणि उड्यांची संख्याही काळागणिक बदलत गेली. सीमेपलीकडे मेक्सिकोच्या सोनोरा राज्यात १९७० च्या दशकापासून रान साफ करून, पालो व्हेर्दे आणि आयर्नवूडची झाडे साखळदंडांनी ओढून पाडून, त्या जागी लाखो हेक्टरांवर हेच गवत पेरण्यात आले, आणि सरकारने त्याला उत्तेजन दिले. बियाण्याचे एवढे मोठे आगर शेजारी उभे राहिल्यावर उत्तरेकडे जाणाऱ्या दाण्यांची संख्या पूर्वीएवढीच राहिली असेल का? आपले दुपटीचे गणित एका दाण्यापासून सुरू होते; येथे तर दर वर्षी नवे दाणे पडत होते.

शंकाकार : म्हणजे आपण माझ्याच मुद्द्यावर आलात. कारणे अनेक आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत; आणि नमुनापत्र त्यांतल्या कोणत्याही कारणाकडे बोट दाखवीत नाही. एक उदाहरण घेऊ. हे गवत कडाक्याच्या थंडीला भिते. म्हणून उंचावर आणि उत्तरेकडे त्याला मज्जाव होता. उद्या आपल्या कपाटात अधिक उंचीवरचे, अधिक उत्तरेचे एक नवे पत्र येते. लगेच कोणी तरी लिहितो की हिवाळे सौम्य झाले, हा हवामानबदलाचा पुरावा. पण १९९० च्या दशकाच्या अखेरीस थंडी सोसणारे ‘फ्रिओ’ नावाचे वाण टेक्सासमधल्या पैदासकारांनी मुद्दाम तयार करून बाजारात आणले, हेही तेवढेच खरे आहे. मग त्या उंचीवर चढले ते काय? उबदार हिवाळ्याचा फायदा घेणारे जुने वाण, की हिवाळ्याशी झगडण्यासाठीच घडवलेले नवे? चिठ्ठीवर उंची आहे, तारीख आहे, उतार कोणत्या दिशेचा आहे तेही आहे. आणि या प्रश्नाचे उत्तर नाही.

संग्राहक : चिठ्ठीवर नाही, चिकटवलेल्या गवतात असू शकेल. या गवताचे बी बहुधा परागसंयोगावाचून तयार होते, त्यामुळे मुलगी हुबेहूब आईच असते. याची पैदास करू पाहणाऱ्यांची तर यामुळे पंचाईत झाली होती, आणि संकर घडवता येईल असे लैंगिक पुनरुत्पादन करणारे रोप टेक्सासमध्ये १९५८ मध्ये हाती लागले, तेव्हा कोठे वाट मोकळी झाली. ज्या वनस्पतीची संतती पिढ्यान्‌पिढ्या बदलत नाही, तिचे वाण ओळखणे मिश्र प्रजेच्या वनस्पतीहून सोपे असते. वाळलेल्या पानाच्या नखाएवढ्या तुकड्यातून आज आनुवंशिक द्रव्य काढता येते. तेव्हा तुर्कानाचे वंशज कोणते, फ्रिओचे कोणते, आणि या दोहोंपैकी नसलेले, कोठून आले याची दाद नसलेले कोणते, हा प्रश्न विचारता येण्यासारखा आहे; आणि तो भूतकाळाविषयी विचारायचा तर सामग्री कपाटातच आहे, कारण १९६८ चे गवत आज टेकडीवर उभे नाही. ज्याने ते पत्र चिकटवले त्याला असा प्रश्न स्वप्नातही सुचला नसेल. संग्रह जपायचा तो याचसाठी, की पुढचा माणूस काय विचारील हे आपल्याला ठाऊक नसते.

शंकाकार : ‘असू शकेल’ याची मी नोंद घेतो, ते तपासून झाले म्हणजे पुढे बोलू. आता मला याहून अवघड गोष्टीकडे यायचे आहे. आपल्या पत्रांवरून एका वनस्पतीवर परकीपणाचा शिक्का बसतो, आणि तो बसला की तिला उपटायला माणसे निघतात. हेच गवत आपल्या मारवाडात कोण आहे? तेथे ते धामण म्हणून ओळखले जाते, आपल्याकडचे शेतकरी त्याला अंजन म्हणतात. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्थेने त्याचे ‘मारवाड अंजन’ हे सुधारित वाण काढले, आणि दुष्काळी वर्षात गाईच्या मुखी दोन घास पडतात ते याच्यामुळे. ब्लॅटर आणि हालबर्ग यांनी १९१७ मध्ये जोधपूर-जैसलमेरचा प्रदेश पालथा घातला आणि भारतीय वाळवंटाच्या वनस्पतींवर मुंबईच्या नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लेखमाला लिहिली, त्या मुलखाचे हे मूळचे गवत. ते तेथे कोणाच्या डोळ्यांत सलत नाही. सोनोराच्या पशुपालकाला विचारा. तोही सांगेल की देशी रानात एका गुराला लागणारी जमीन या गवताच्या कुरणात कितीतरी कमी होते, आणि त्याच्या मुलांची शाळेची फी त्यातूनच भरली जाते. मग हर्बेरियमची एक तारीख दाखवून, ‘हे अमुक सालापूर्वी येथे नव्हते, म्हणून हे नको’, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

संग्राहक : कोणीही दिलेला नाही, आणि मी तसे म्हणतही नाही. तारीख हा आरोप नव्हे. अॅरिझोनात बाहेरून आलेल्या वनस्पती पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या वाटेला कोणी जात नाही. या गवताविरुद्धची फिर्याद वेगळी आहे, आणि ती ऐकताना मला शांत राहता येत नाही, हे मी लपवीत नाही. सोनोरन वाळवंटात झाडाझुडपांमध्ये मोकळी जमीन असते. तेथे वीज पडली तरी आग एका झुडपाशी संपते, कारण पुढे जळायला काही नसते. सग्वारो हा प्रचंड निवडुंग त्या निर्धोकपणात वाढला. त्याचे रोप पहिल्या काही वर्षांत बोटाच्या पेराएवढेही होत नाही, पालो व्हेर्देच्या सावलीला जीव धरून राहते, आणि पहिली फांदी फुटायला पन्नास-पाऊणशे वर्षे लागतात. बफेल गवत नेमकी ती मोकळी जमीन भरून काढते. उन्हाळी पावसावर वाढते, मग पिवळे पडून वाळते आणि वाळल्यावरही उभेच राहते. ठिणगी पडली की आग एका निवडुंगापासून दुसऱ्यापर्यंत चालत जाते. आग विझल्यावर गवत मुळाशी पुन्हा फुटते. सग्वारो फुटत नाही. टोहोनो ओ’ओधम लोक उन्हाळ्याच्या भर कडाक्यात सग्वारोची फळे उतरवतात, त्यांच्या वर्षाचा आरंभ त्या सुगीशी निगडित आहे, आणि त्यांच्या दृष्टीने सग्वारो हे झाड नसून माणसांच्या पंक्तीला बसणारे अस्तित्व आहे. शतकभर वाढलेले एक रान एका दुपारी जाते, आणि त्याच्या जागी जे उगवते ते पुढच्या आगीचे सरपण असते. मारवाडच्या कुरणात हे घडत नाही, कारण तेथल्या रानाची जडणघडण या गवतासकटच झाली. अॅरिझोना राज्याने २००५ मध्ये त्याला उपद्रवी तण म्हणून जाहीर केले, ते याकरिता. ते आफ्रिकेतून आले याकरिता नव्हे.

शंकाकार : आपली कळकळ मी जाणतो, आणि त्या रानाविषयी मलाही तितकेच वाटते. पण पाहा, आपण आता जी फिर्याद मांडलीत, तिच्यात नमुनापत्र कोठेच आले नाही. आग दिसते, जळालेला सग्वारो दिसतो, गवत दिसते. टूसॉनच्या आसपास २००० सालापासून स्वयंसेवक पहारी घेऊन शनिवार-रविवारी हे ठोंब खणून काढीत आहेत. त्यांच्यापैकी किती जणांनी हर्बेरियमचे कपाट उघडले असेल? नुकसान प्रत्यक्ष पुढे असताना आगमनाची तारीख विचारण्यात काय हशील?

संग्राहक : खणायला आरंभ कोठून करायचा, हे ठरवण्यात हशील आहे. हात मर्यादित, पैसा मर्यादित, आणि तणनाशकाची फवारणी तर आणखीच अडचणीची, कारण गवत हिरवे असेल तेव्हाच औषध त्याच्या अंगी लागते, आणि ते हिरवे असते पावसानंतरचे थोडे आठवडे. शंभर एकरांचा जुना डाग आणि परवा पडलेला खोलीएवढा डाग, यांतला कोणता आधी घ्यायचा? आपलेच गणित सांगते की लहान आणि नवा. पण नवा कोणता, हे कळायला त्या जागी पूर्वी काय होते ते ठाऊक असावे लागते; आणि ज्या घळीतून पूर्वी कोणी काही आणले, तेथली पत्रे ते सांगतात. अॅरिझोना विद्यापीठाचा वनस्पतिसंग्रह १८९१ चा. त्याच वर्षी तेथे तो दुष्काळ पडला ज्यात १८९३ पर्यंत दक्षिण अॅरिझोनातील गुरे मोठ्या संख्येने मेली, कुरणे उजाड झाली आणि मग परदेशी गवतांची गरज भासू लागली. म्हणजे ज्या गरजेतून हे गवत आले, त्या गरजेच्या आरंभापासूनच्या नोंदी तेथे आहेत. आणि ही आता कपाटातच अडकून पडलेली सामग्री नाही. नैर्ऋत्य अमेरिकेतील अनेक संग्रहांच्या नोंदी एकत्र करून त्या सर्वांसाठी खुल्या झाल्या आहेत. तरी त्यांचा शोध घेताना एक सावधगिरी लागते. लिनेअसने १७७१ मध्ये या गवताला सेंक्रस वंशात घातले, लिंकने १८२७ मध्ये ते पेनिसेटमध्ये नेले, आणि दोन्ही नावांच्या फायली संग्रहालयांत शेजारी शेजारी चालत राहिल्या. एकच नाव शोधणाऱ्याच्या हाती निम्मीच पत्रे लागतात, आणि मग नसलेले मौन तो ऐकू लागतो.

शंकाकार : हे मात्र आपण प्रामाणिकपणे सांगितलेत, आणि माझ्या आक्षेपाला एक पुरावा आपणहून जोडून दिलात. तेव्हा मी माझे म्हणणे पूर्वीपेक्षा आखूड करतो. ‘गवत होते’ असे नमुनापत्र म्हणते, ते मी मानतो, आणि त्याहून बळकट साक्ष मला ठाऊक नाही. ‘गवत नव्हते’ असे आपण त्याच्या वतीने म्हणता, तेथे मी थांबतो. टूमामॉकसारखी पहारा असलेली जागा, किंवा एकाच हाताने एकाच वाटेवरची शेजारची गवते गोळा केल्याचा दाखला, एवढ्या दोन अटींवर मी ते म्हणू देईन. बाकी साऱ्या प्रदेशात १९४० ते १९८० या काळात गवत निजले होते, की माणसे निजली होती, की बियाण्याचे आगर अजून भरले नव्हते, या तीन गोष्टींत आजच्या पुराव्याने निवाडा होत नाही.

संग्राहक : त्या निवाड्याबाबत आपली दोघांची मते आज जुळणार नाहीत. गवत काही काळ खरोखरच थांबले होते, असे मला अजूनही वाटते. निदान मोठ्या उड्या मारण्यापुरते तरी. पण पुढच्या पन्नास वर्षांनी कोणा दोघांवर हाच वाद घालण्याची पाळी येऊ नये, याचा उपाय आपल्या हातात आहे, आणि तो टूसॉनलाच लागू आहे असे नाही. मुंबईचे ब्लॅटर हर्बेरियम असो की पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचा संग्रह असो, त्यांच्यासाठी रानात जाणाऱ्या प्रत्येकाला तो लागू आहे. दुर्मिळ फूल जरूर आणा. पण रस्त्याकडेचे अगदी सामान्य, पायाखालचे, दुसऱ्या मुलखातून आलेले गवतही मुळासकट उपटून आणा, ते लावलेले होते की आपोआप उगवले होते ते चिठ्ठीवर लिहा, किती जागेवर होते ते लिहा. आणि त्या दिवशी त्या ठिकाणी जे शोधूनही आढळले नाही, त्याची यादी त्याच कागदाला जोडा.

शंकाकार : अशी यादी ज्या पत्राला जोडलेली असेल, त्याचे मौन मी साक्ष म्हणून दाखल करून घेईन. ज्यांना ती नाही, त्यांच्याविषयीची माझी हरकत कायम आहे.